ट्युलिपला थंडी वाजू द्या

प्रश्न : आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. पुढे छोटं अंगण, मागे बॅकयार्ड. गेल्या वर्षी मोठ्या हौसेने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्युलिपचे पन्नास कंद लावले. तीन-चार इंच खोल. बरेचसे खारींनी उकरून नेले. उरले त्यातल्या काहींना एप्रिलमध्ये नुसती पानं आली, काहींच्या कळ्या उमलायच्या आधीच कागदासारख्या वाळल्या. काही तर उगवलेच नाहीत. या वर्षी ऑगस्टअखेरीस शंभर कंदांची मिक्स पिशवी आणून गराजमध्ये ठेवली आहे. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत जातील. त्यांना हे कंद स्वतःच्या हाताने लावायचे आहेत. त्यांचं म्हणणं, "कांदेच की हे, आत्ताच लावून टाकू, रोज पाणी घातलं की येतील." लावायचे कधी, किती खोल, खारींचं काय करायचं? एकदा लावले की दरवर्षी फुलं येतात का? नाशिकला माझ्या बहिणीने दहा-वीस कंद मागितलेत, ते सासूबाईंबरोबर पाठवले तर चालतील का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर :

ताई, सासूबाईंचा उत्साह मोडू नका, फक्त महिनाभर पुढे ढकला. सप्टेंबरअखेरची हवा बागकामाला छान वाटते, पण ट्युलिपच्या लेखी तो उन्हाळाच. तुमच्या भागात कंद लावायची खरी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते आणि जमीन गोठेपर्यंत चालते. नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत लावले तरी बिघडत नाही. सासूबाईंच्या नावाने नोव्हेंबरचा पहिला शनिवार-रविवार राखून ठेवा. त्याच रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि पाच वाजता अंधारून येतं, तेव्हा काम सकाळी काढा.

कॅलेंडरपेक्षा जमिनीचं ऐकलेलं बरं. मातीचं तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली उतरलं की लावायचं. मातीत खुपसायचा थर्मामीटर नसेल तर रात्रीचा पारा आठ-पंधरा दिवस ४० ते ५० फॅरनहाइटच्या दरम्यान राहतोय का ते पाहा. मेपलची बहुतेक पानं खाली आलेली असतात, सकाळी गाडीच्या काचेवरचं हिम एखाद-दुसऱ्यांदा खरवडून झालेलं असतं, तेव्हा वेळ झाली असं समजा. त्याआधी उबदार, ओल्या मातीत कंद पुरला की मुळं फुटण्याआधी बुरशी त्याला गाठते. इंग्लंडमधले बागवान तर मुद्दाम नोव्हेंबरची वाट पाहतात, कारण ट्युलिपची पानं भाजल्यासारखी करणारी एक बुरशी असते, तिचा जोर थंडीने कमी होतो.

आता सासूबाईंसाठी एक काम. पिशवीतला एक कंद बळी द्या. धारदार सुरीने शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरा. वरची तपकिरी साल निघाली की पांढरे, जाड, रसाळ पापुद्रे एकात एक बसलेले दिसतील. इथपर्यंत त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण बुडाच्या चकतीवर, अगदी मधोमध, फिकट पिवळट-हिरवा कोंब उभा असेल. टाचणीने त्याची कोवळी पानं अलगद सोडवा. आत काही मिलिमीटरची कळी निघेल, आणि भिंग हाताशी असेल तर सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधला स्त्रीकेसर वेगवेगळे ओळखता येतील. ऑक्टोबरमध्येच!

म्हणजे पुढच्या एप्रिलचं फूल तुम्ही दुकानातूनच घेऊन आलात. ज्याने मागच्या वसंतात तो कंद पोसला आणि उन्हाळ्यात बेताच्या उबेत कोरडा साठवला, त्या शेतकऱ्याने ते आत तयार करून दिलं आहे. तुमच्याकडे उरतं ते इतकंच, की लावेपर्यंत ती कळी मारायची नाही आणि लावल्यावर तिला पुरेशी थंडी मिळू द्यायची. आपल्याकडची बागकामाची सगळी सवय याच्या उलट आहे. आपण झाडाला पाणी घालतो, खत घालतो, रोज जाऊन बघतो. ट्युलिपला हे लाड सोसत नाहीत.

कळी मरते कशी? पहिलं कारण उष्णता. ऑगस्टच्या शेवटी तुमचं बंद गराज दुपारी किती तापतं ते तुम्हाला माहीत आहे. कंदांना ६५ फॅरनहाइटच्या आसपासची, कोरडी, खेळती हवा लागते. तळघर कोरडं असेल तर तिथे हलवा, प्लास्टिकच्या पिशवीतून काढून जाळीच्या पिशवीत किंवा उघड्या खोक्यात पसरा. दुसरं कारण फळं. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे आपल्या लोकांचा ॲपल पिकिंगचा हंगाम; दोन-दोन पिशव्या भरून सफरचंदं येतात आणि थंड जागा म्हणून गराजमध्येच विसावतात. पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि कंदाच्या आतली ती इवलीशी कळी त्याने जागीच वाळते. कंद बाहेरून टणक, ठणठणीत दिसतो. पुरल्यावर मुळं फुटतात, पानं येतात, फूल मात्र येत नाही. गेल्या वर्षी तुमच्याकडे नुसती पानं आणि कागदी कळ्या आल्या, त्यावरून माझा संशय साठवणीवरच जातो. न उगवलेले बहुधा गरम मातीत कुजले. खारींचा हिशेब वेगळा, त्यावर पुढे येते.

लावण्याआधी कंद हातात घेऊन निवडा. वजनदार आणि टणक तो चांगला. हलका, पोकळ, दाबला की बोट रुतणारा फेकून द्या. साल तडकलेली किंवा निघालेली असेल तर चालतं, वरवर निळसर बुरशी असेल तर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. आकारावर बरंच अवलंबून असतं: चांगल्या कंदाचा घेर १२ सेंटिमीटर किंवा जास्त असतो, आणि लसणाच्या गड्ड्याहून लहान कंदाकडून फुलाची फार आशा धरू नये. रात्रभर पाण्यात भिजत घालू नका. बियांना करतो ते इथे करायचं नसतं. शंभर कंद हाताळायचे तर हातमोजे घाला. ट्युलिपच्या कंदात त्वचेला झोंबणारं एक रसायन असतं, नेदरलँड्सच्या शेतांवर कंद सोलणाऱ्या मजुरांच्या बोटांना त्याने चिरा पडतात.

आणि हो, ही पिशवी स्वयंपाकघरातल्या कांद्यांच्या टोपलीजवळ नको. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला तेव्हा डच लोकांनी ट्युलिपचे कंद मधला कोंब काढून, उकडून खाल्ले होते. ती उपासमारीची वेळ होती. आज दुकानात मिळणाऱ्या कंदांवर बुरशीनाशक मारलेलं असू शकतं, आणि मुळातही ते पोटाला चांगले नाहीत. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही जपा.

थंडीचं कारण समजलं की बाकीचं आपोआप कळतं. ट्युलिप आपण हॉलंडचं म्हणतो, पण तिथे ते १५९३ च्या सुमाराला पोचलं, क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लायडनच्या विद्यापीठाच्या बागेत लावलं तेव्हा. त्याआधी ते तुर्की सुलतानांच्या बागांत होतं आणि त्याच्याही आधी मध्य आशियातल्या तिएन शान आणि पामीरच्या डोंगरउतारांवर. तिथला उन्हाळा कडक आणि कोरडा, हिवाळा हाडं गोठवणारा, आणि बर्फ वितळल्यावर मिळणारे मोजके ओले आठवडे. या झाडाने आपलं सगळं वेळापत्रक त्याला जुळवून घेतलं आहे. उन्हाळ्यात जमिनीखाली कोरड्यात झोपायचं, शरदात मुळं सोडायची, मग बारा ते सोळा आठवडे ४८ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ९ सेल्सिअसच्या खाली काढायचे. त्या थंडीत कंदातल्या पिठाची साखर होते आणि देठाला लांब व्हायची मुभा मिळते. थंडी कमी पडली तर कळी दोन पानांच्या बेचक्यात अडकून तिथेच, जमिनीलगत उमलते. न्यू जर्सीत ही अडचण नाही, तुमचा हिवाळा फुकटात सगळं करून देतो. ऑस्टिन किंवा सॅन होजेच्या वाचकांना मात्र कंद फ्रिजमध्ये दहा-बारा आठवडे ठेवूनच लावावे लागतील, आणि त्या फ्रिजमध्ये फळं ठेवता येणार नाहीत.

जागा. तुमच्या भागात बरीचशी माती लालसर आणि चिकण आहे, पाणी धरून ठेवणारी. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा. ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदाचं पाणी चार-पाच तासांत गेलं तर जागा ठीक. सकाळपर्यंत डबकं तसंच असेल तर तिथे कंद लावणं म्हणजे पैसे पुरणं. मग कंपोस्ट मिसळून वाफा सहा-आठ इंच उंच करा. खड्ड्याच्या तळाशी खडी घालायचा सल्ला पुष्कळजण देतील. ऐकू नका, चिकणमातीत त्या खडीत पाणी साठून राहतं. ऊन सहा तास तरी हवं, पण मेपलसारख्या पानगळीच्या झाडाखाली लवकर फुलणाऱ्या जाती चालून जातात, कारण मेपलला पालवी फुटेपर्यंत त्यांचा कार्यक्रम आटोपलेला असतो. लॉनच्या स्प्रिंकलरचं पाणी जिथे उन्हाळाभर पडतं ती जागा टाळा. खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या तारा-नळांच्या खुणा करून घ्या, फुकट असतं, काही दिवस आधी कळवावं लागतं. इंटरनेटची केबल कधीकधी गवताखाली जेमतेम वीतभरच असते. सासूबाईंच्या हातून ती तुटली तर त्या दिवशी ट्युलिपचं कौतुक कुणाला राहणार नाही.

खोलीला माप वीतच. कंदाच्या बुडापासून जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत ८ इंच, म्हणजे मोठ्या माणसाची जवळजवळ पुरी वीत. माती फारच चिकण असेल तर ६ इंचांवर थांबा. दोन कंदांमध्ये एका मुठीचं अंतर, ४ ते ५ इंच. सासूबाईंना कांद्याची लागवड माहीत असेल तर हे विचित्र वाटेल, कारण कांदा वर वर लावायचा असतो आणि पोसताना अर्धा मातीबाहेर डोकावतो. ट्युलिप उथळ लावला की थंडी-उन्हाचे हेलकावे त्याला बसतात, देठ वाऱ्याने कलंडतात, कंद लवकर फुटून बारीक होतो आणि खारीला तर दोन हात मारले की मिळतो. तुमचे तीन-चार इंच तिच्या सोयीचे होते.

शंभर खड्डे शंभर ठिकाणी करू नका. कंबर जाते, आणि एप्रिलमध्ये शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी रांगेतली फुलं दिसतात. ३ फूट लांब, दीड फूट रुंद असा एकच खड्डा वीतभर खोल काढा, तळाची माती खुरप्याने भुसभुशीत करा, पंचवीसेक कंद टोक वर करून मांडा, हलक्या हाताने दाबा की बूड मातीला टेकेल. टोक ओळखू आलं नाही तर आडवा ठेवा, कोंब आपला रस्ता शोधतो. मग माती लोटा आणि पायाने हलकी दाबा. असे तीन वाफे झाले की पंचाहत्तर कंद संपतात. हाडांचं खत खड्ड्यात घालू नका. या वर्षीच्या फुलाला त्याची गरज नाही आणि वासाने कुत्री, रॅकून जागा उकरतात.

पाणी एकदाच. लावून झालं की झारीने किंवा पाइपने व्यवस्थित भिजवा, कारण मुळं सुटायला ती ओल लागते. त्यानंतर पाऊस आणि बर्फ बघून घेतील. महिनाभर एक थेंब पडला नाही तरच पुन्हा एकदा. रोजची झारी हा साताऱ्याच्या उन्हाचा नियम आहे, नोव्हेंबरच्या न्यू जर्सीत त्याने कंद कुजतात. सासूबाईंना रोज काही घालायचंच असेल तर घरातल्या तुळशीला घालू द्या, थंडीत बंद खिडकीतल्या तुळशीची तशीही आबाळ होते.

आता खारी. तिला कंदाचा वास लागतो तितकीच ताजी उकरलेली माती खुणावते. कुणीतरी इथे काहीतरी लपवलं आहे एवढं तिला पुरतं, तीही तोच उद्योग करत असते. म्हणून लावून झाल्यावर गळलेल्या तपकिरी साली वेचून कचऱ्यात टाका, माती सपाट करा, आणि वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, चिकन वायर, पसरून कडेने खुंट्या ठोका. वरून वाळलेली पानं लोटली की जाळी दिसतही नाही. मार्चच्या सुरुवातीला कोंब इंचभर वर आले की जाळी काढायची, विसरलात तर पानं तारांत अडकून मान मुरगळतात. जमिनीखालून येणाऱ्या व्होलचा, म्हणजे उंदरासारख्या प्राण्याचा, त्रास असेल तर अर्ध्या इंचाच्या भोकांची कडक जाळी खड्ड्याच्या तळाशी आणि बाजूंनाही लावावी लागेल, पण बोगदे दिसत नसतील तर तो खटाटोप कशाला? लाल तिखट भुरभुरवण्याचा देशी उपाय चालतो, पहिला पाऊस पडेपर्यंत. मग पुन्हा किलोभर तिखट. त्यापेक्षा जाळी स्वस्त.

तुमच्याकडे खारींपेक्षा मोठा शत्रू एप्रिलमध्ये येतो, तो म्हणजे हरणं. रात्री दहाला सगळ्या कळ्या जागेवर, सकाळी सातला नुसते देठ, वरून कात्रीने छाटल्यासारखे. कोंब दोन इंच झाले की हरणं पळवणारा फवारा मारायला लागा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर पुन्हा मारा. जागेची निवड हा त्याहून पक्का उपाय. ट्युलिप घराच्या पायरीजवळ, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवा आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या कडेला डॅफोडिल लावा. डॅफोडिलचा कंद विषारी असतो, त्याला खार तोंड लावत नाही आणि हरीणही नाही. दरवर्षी येतो, वाढतो. खरं सांगायचं तर नव्या घरात पहिली खरेदी मी डॅफोडिलची करायला सांगते आणि ट्युलिप हौसेपुरते. पण तुमची हौस दिसतेच आहे.

मिक्स पिशवीबद्दल माझी तक्रार अशी, की त्यातले काही एप्रिलच्या मध्यात फुलतात, काही मेमध्ये, आणि वाफा कधीच भरून दिसत नाही. पुढच्या वर्षी नावानिशी घ्या, एकेका जातीचे पंचवीस. सुरुवातीला फॉस्टेरियाना गटातले, नंतर डार्विन हायब्रिड आणि ट्रायम्फ, शेवटी उशिराचे एकेरी, ज्यात ती काळपट जांभळी 'क्वीन ऑफ नाइट' येते. असं केलं तर साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत काही ना काही फुललेलं असतं. पांढऱ्यावर लाल ज्वाळा उठलेली फुलं आवडत असतील तर तीही मिळतात. १६३७ मध्ये ज्यांच्यापायी हॉलंडमध्ये सट्टा कोसळला त्या फुलांवरच्या ज्वाळा मावा किड्याने पसरवलेल्या विषाणूच्या होत्या, आणि त्याने कंद पिढीगणिक दुबळा होत जायचा. आजच्या पट्टेवाल्या जाती पैदाशीतून आलेल्या आहेत, निरोगी असतात. साध्या रंगाच्या वाफ्यात अचानक एखादं फूल वेडंवाकडं चिरलेल्या रंगाचं आलं, तर मात्र कौतुक न करता कंदासकट उपटा.

दरवर्षी येतात का? प्रामाणिक उत्तर, बहुतेक नाही. पहिल्या वर्षी शंभर, दुसऱ्या वर्षी निम्मे आणि बारके, तिसऱ्या वर्षी पानांची गर्दी. यात तुमची चूक नसते. ट्युलिपचा कंद फूल देऊन संपतो आणि त्याच्या पोटातून नवे लहान कंद तयार होतात. ते पुन्हा फुलण्याजोगे व्हायला कोरडा, कडक उन्हाळा आणि भरपूर पोषण लागतं. न्यू जर्सीचा दमट उन्हाळा त्यांना मानवत नाही. डच शेतकरी कंद पोसण्यासाठी फुलं उमलली की यंत्राने त्यांची मुंडकी छाटतात, तिकडे शेतात फुलांचा खच पडलेला असतो. आणि लिसे गावची ती प्रसिद्ध कोइकेनहॉफ बाग? तिथे दर शरदात साधारण ७० लाख कंद नव्याने लावतात, हंगाम संपला की काढून टाकतात. झेंडूची रोपं आपण दसऱ्यानंतर उपटतोच ना.

तरी प्रयत्न करायचा असेल तर डार्विन हायब्रिड आणि क्लुसियाना, टार्डा यांसारख्या रानटी वळणाच्या लहान जाती घ्या; त्या टिकतात. फुलाच्या पाकळ्या गळल्या की बीजकोश तोडा, म्हणजे ताकद बी धरण्यात जाणार नाही. देठ आणि पानं ठेवा. पानं पिवळी पडेपर्यंत, दीडेक महिना, त्यांना हात लावायचा नाही. वेणी घालायची नाही, रबरबँड बांधायचा नाही, कारण नवा कंद त्या पानांवर जगतो. खत द्यायचंच असेल तर कोंब वर येताना द्या. मेमध्ये लॉन कापायला येणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सुकलेली पानं कचरा समजून साफ करेल आणि वरून चार इंच मल्च, म्हणजे लाकडाचा चुरा, ओतून जाईल.

उरलेले वीस-पंचवीस कंद कुंड्यांत लावा. बारा इंचाच्या कुंडीत दहा-बारा कंद एकमेकांना जवळजवळ टेकतील इतके दाट बसतात. कंदाची एक बाजू चपटी असते, पहिलं मोठं पान त्या बाजूला येतं, म्हणून चपटी बाजू कुंडीच्या कडेकडे ठेवा. डेकवर उघड्यावर कुंडी आरपार गोठते आणि कंद फुटतात, म्हणून थँक्सगिव्हिंगपासून मार्चपर्यंत ती गराजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात नकोसं असलेलं तुमचं ते न तापवलेलं गराज हिवाळ्यात अगदी योग्य तापमानाला असतं. माती पूर्ण वाळली तर कपभर पाणी, बस.

फेब्रुवारीत चार दिवस ऊबदार गेले की कोंबांची लालसर टोकं वर दिसतील आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यावर बर्फ पडेल. काही झाकायला धावू नका. पानांना त्याने काही होत नाही. सासूबाई साताऱ्यात असतील, व्हिडिओ कॉलवर दाखवा आणि "पाणी घातलं का" विचारलं तर विषय बदला.

नाशिकच्या बहिणीबद्दल. कंद बॅगेत घालून पाठवू नका. भारतात लागवडीचे कंद नेण्यासाठी आधी आयात परवाना आणि निघणाऱ्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. दहा कंद असले तरी नियम तोच, आणि मुंबई विमानतळावर उत्तरं सासूबाईंना द्यावी लागतील. नेले तरी उपयोग नाही. नाशिकची डिसेंबरची पहाट गारठ्याची असते, पण दुपारी ऊन तापतं, आणि सलग तीन महिने ९ सेल्सिअसखाली माती राहणं तिथे शक्य नाही. दिल्लीत फेब्रुवारीत शांतिपथावर दिसतात ते ट्युलिप बहुतांशी नेदरलँड्सहून आणलेल्या, आधीच थंडी दिलेल्या कंदांचे असतात आणि दरवर्षी नवे लावावे लागतात. असे थंडी दिलेले कंद भारतातल्या विक्रेत्याकडून मिळाले तर बहिणीने डिसेंबरअखेरीस सावलीच्या, गार गॅलरीत कुंडीत लावून बघावेत, काही आठवड्यांचं कौतुक होईल. एकदाच.

तिच्या अंगणात दरवर्षी येणारं हवं असेल तर आत्ता ग्लॅडिओलसचे कंद लावायला सांगा, जानेवारीत तुरे येतील, आणि एप्रिल-मेमध्ये निशिगंध, तो पावसाळ्यात घर सुगंधाने भरून टाकेल. ट्युलिपच बघायचे असतील तर श्रीनगरला जावं, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी दल सरोवराच्या काठावर २००७ पासून ट्युलिपची बाग आहे. मार्चअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बहर असतो, पण उघडायची तारीख दरवर्षी हवेवर ठरते, म्हणून विमानाचं तिकीट बदलता येईल असंच काढायला सांगा.